कपडे धुऊन आणावेत

सूचनापत्रकात सात मुद्दे होते. तिसरा असा : ‘कपडे स्वच्छ धुऊन, इस्त्री करून आणावेत.’ गेलेल्या माणसाच्या कपड्यांतून उशीचे अभ्रे आणि गोधडीचे चौकोन शिवायची ती कार्यशाळा. माणसं दहा, शिलाई मशिनं तीन, इस्त्र्या दोन. पत्रक लिहिणाऱ्याला कुणी दोष देणार नाही, कारण शिवणाच्या कुठल्याही वर्गात ही सूचना असतेच. न धुतलेलं कापड शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात आटतं, रंग सोडतं, शिवण ओढून धरतं. एका बाईंनी ती सूचना तंतोतंत पाळली होती. नवऱ्याचा निळा शर्ट धुतला, वाळवला, कडक इस्त्री केली, घडी मोडू नये म्हणून आत पुठ्ठा घालून आणला. त्यांच्या शेजारी बसलेल्या विशी-बाविशीतल्या मुलानं पत्रक वाचलंच नव्हतं. वडिलांचा टी-शर्ट कपाटातून काढून त्यानं तसाच पिशवीत कोंबला होता. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून शिवण्याआधी त्याला उलट्या बाजूनं पातळ अस्तर चिकटवावं लागतं. त्यासाठी इस्त्री फिरवायची नसते. दाबून दहा-पंधरा सेकंद धरायची, उचलायची, पुढच्या जागी ठेवायची. त्यानं इस्त्री टेकवली, वाफ सुटली आणि वाफेबरोबर वास वर आला. घामाचा, दाढीनंतरच्या लोशनचा, बंद कपाटाचा, सगळा मिळून एकाच माणसाचा. मुलगा इस्त्रीचा दांडा धरून तसाच उभा राहिला. कापड करपू नये म्हणून कुणीतरी त्याच्या हाताखालून इस्त्री अलगद उचलली. बाईंपर्यंतही तो वास पोहोचला. त्यांनी आपल्या शर्टाची कॉलर नाकाशी नेली. साबणाचा वास.

“धुवायला नको होता का हो?”

शिकवणाऱ्यांपैकी कुणालाही यावर काही बोलता आलं नाही. ‘आठवणी मनात असतात’ वगैरे कुणी म्हणालं नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. दुःखाच्या कार्यशाळेत काय चुकू शकतं, याची यादी करायला बसलं की आपल्याला मोठमोठ्या गोष्टी सुचतात. कुणी फार रडलं तर, कुणी उठून गेलं तर, कुणी भलतंच बोललं तर. खरा घात मात्र पत्रकातल्या तिसऱ्या मुद्द्यात बसलेला असतो, आणि तो कार्यशाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्रीच होऊन गेलेला असतो, कुणाच्या तरी न्हाणीघरात, बादलीभर फेसात.

वासाचं प्रकरण इतर इंद्रियांपेक्षा वेगळं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमसच्या चौकीवर थांबतं, मग पुढे जातं. वासाचा संदेश ती चौकी टाळून, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी दारात जाऊन उभा राहतो. फोटो बघताना माणूस स्वतःला सावरून बसतो. वास तेवढी सवड देत नाही. म्हणून आता जाणती माणसं पत्रकात वेगळं लिहितात. दोन कपडे आणा, एक कापायचा, एक कधीच न कापायचा. न कापायचा कपडा धुऊ नका. तो पूर्ण कोरडा आहे ना ते बघा, कारण ओल राहिली तर बुरशी धरते. मग झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि अंधारात ठेवा. दर वेळी पिशवी उघडली की थोडा वास जातो, हेही सांगून ठेवा. अंगाचं तेल राहिलेलं कापड काही वर्षांनी पिवळं पडतं, हेही. आणि कार्यशाळेत इस्त्री मधल्या टेबलावर ठेवत नाहीत, खिडकीशी ठेवतात. तिथे जाण्याआधी शेजारी उभं राहून हळू आवाजात सांगायचं, “वाफेनं वास येईल बरं का.” एवढ्या वाक्यानं वास कमी होत नाही, पण अचानक अंगावर येत नाही.

कात्रीचंही तसंच. पहिला काप कुणाकडूनही चटकन होत नाही. अर्धा-पाऊण तास कात्री नुसती हातात धरून बसलेली माणसं दर गटात एक-दोन असतात आणि त्यांना ‘कापा, काही होत नाही’ म्हणणं हा सर्वांत वाईट सल्ला. काही तरी होतंच. कापलेलं परत जोडता येतं, कापायच्या आधीसारखं करता येत नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं सगळ्यांना साधं कोरं कापड द्यायचं आणि त्यावर तीन चौकोन कापायला लावायचे. हात बसतो, कात्रीचं वजन कळतं. कात्री मात्र कापडाचीच हवी. कागद कापून बोथट झालेली कात्री कापड चावते, कडा कुरतडल्यासारखी होते, आणि तो कपडा दुसऱ्यांदा मिळणारा नसतो. मग पुठ्ठ्याची चौकट. पुठ्ठ्याला मधोमध बारा इंचांची चौकोनी खिडकी पाडायची आणि ती शर्टावर इकडून तिकडे सरकवत बघायचं. आत खिसा येतो का, बटणपट्टी कुठे पडते, पेनाच्या शाईचा तो डाग घ्यायचा की सोडायचा. ही चौकट म्हणजे या अख्ख्या उद्योगातलं माझं आवडतं अवजार. एका पैशाचंही काम नाही, पण न कापता कापून बघायची मुभा त्यातून मिळते. बहुतेकांचा अर्धा तास त्या खिडकीतच जातो. आणि गप्पाही तिथेच सुरू होतात, कारण खिसा दिसला की खिशात काय असायचं ते बोलल्यावाचून कुणाला राहवत नाही.

पूर्ण गोधडी कार्यशाळेत होत नाही, तो हट्ट धरू नये. दोन-दोन तासांच्या सहा बैठकांत नवशिक्याचे चार-सहा चौकोन होतात, तेही रखडत. उशीचा अभ्रा मात्र एका बैठकीत पुरा होतो, आणि बटणांचा शर्ट त्यासाठी जणू तयारच असतो, कारण अभ्र्याचं तोंड आयतं मिळतं. सोळा इंची अभ्रा हवा तर शर्टाची बटणं लावायची, शर्ट उलटा करून सपाट पसरायचा, पुढचा आणि पाठीचा असे दोन्ही थर टाचण्यांनी एकत्र धरून सतरा इंचांचा चौकोन कापायचा. चारी बाजूंनी अर्धा इंच आत शिवायचं. नंतर बटणं काढून त्या फटीतून सुलटा करायचा. इथे हटकून एक गोष्ट चुकते. सगळी बटणं लावलेलीच राहतात, चारी बाजू शिवून होतात, आणि मग उलट्या बाजूनं बटण काजातून काढायला बोटं झगडत बसतात. म्हणून शिवायच्या आधीच मधली दोन बटणं उघडी ठेवायची. दुसरी चूक बटणाच्या जागेची. चौकोनाच्या कडेवर बटण आलं तर मशिनची सुई त्यावर आपटून मोडते आणि तुकडा उडतो. बटण शिवणीपासून निदान बोटभर आत हवं. आतली उशी अभ्र्यापेक्षा इंचभर मोठी घ्यायची, नाहीतर कोपरे पोकळ राहतात आणि मांडीवर घेतली की ती रिकामी वाटते. रिकामी वाटणारी उशी इथे चालत नाही.

टी-शर्टचं गणित वेगळं. बारा इंची चौकोनासाठी आधी ढोबळ चौदा-पंधरा इंचांचा तुकडा काढायचा, अस्तर चिकटवायचं, आणि मगच साडेबारा इंचांचा नेमका चौकोन कापायचा. क्रम उलटा झाला तर कापड इस्त्रीखाली ताणून चौकोनाचा पतंग होतो. छातीवर रबरी छपाई असेल तर मध्ये सुती फडकं घेतल्याशिवाय इस्त्री टेकवायची नाही. अक्षरं वितळून इस्त्रीला चिकटतात. साडेबारा इंच अशासाठी, की चारी बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातं. या जास्तीच्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. आत माया ठेवली आहे का, विचारतात. माया कमी पडली तर शिवण उसवते, आणि पुढे कधी कपडा सैल करायचा झाला तर त्या मायेतूनच कापड निघतं. हा शब्द कार्यशाळेत पहिल्यांदा उच्चारला जातो तेव्हा टेबलावर क्षणभर शांतता पडते, मग कुणीतरी हसतं. शिकवणाऱ्यानं त्यावर भाषण करू नये. मोजपट्टी पुढे सरकवावी.

खोलीत कचऱ्याची टोपली ठेवायची नाही.

हे कुठल्याही शिवणवर्गात शिकवत नाहीत. शिवणाच्या टेबलाखाली चिंध्या पडतात, संध्याकाळी कुणीतरी झाडू मारून त्या फेकतं, हा रिवाज. इथे ती चिंधी म्हणजे कुणाच्या तरी बाहीचा कफ असतो. प्रत्येकाला नाव लिहिलेली एक कापडी पिशवी द्यायची, आणि दोरा सोडला तर त्या कपड्यातून निघालेलं सगळं त्या पिशवीत. कॉलरमागचं लेबल, तुटलेलं बटण, खिशाच्या तळाशी सापडलेलं तिकिटाचं भेंडोळं, सगळं. फेकायचं की ठेवायचं ते घरी गेल्यावर ज्याचं त्यानं ठरवावं. बरीच माणसं ती पिशवीच उशीत भरतात. मध्येच येणं बंद केलेल्यांच्या पिशव्या उरतात, त्यांचं काय करायचं हे आधी ठरवून सांगावं लागतं. एकदा फोन करायचा, ‘पिशवी आमच्याकडे नीट आहे, कधीही न्या’ एवढंच बोलायचं, आणि खरोखरच नीट ठेवायची. कपाटाच्या वरच्या फळीवर वर्षभर बसलेल्या दोन-तीन पिशव्या नसलेली कार्यशाळा मला तरी माहीत नाही.

कापडातून सामूहिक शोक करण्याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या एड्स स्मृती-गोधडीचं. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते. आज ते 50,000 च्या आसपास आहेत. तुकड्याचं माप ठरलेलं, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढं. आत काय लावायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि लोकांनी जीन्स लावल्या, टेडी लावले, पत्रं शिवली. माप तेवढं हलवायचं नाही, कारण असे आठ तुकडे जोडून बारा फुटांचा चौकोन करायचा असतो. तुकडा करणाऱ्यांना आणखी एक सूचना असे : दुमडीसाठी चारी बाजूंना दोन-तीन इंच कापड जास्त सोडा. म्हणजे तिथेही माया आलीच. ठरलेल्या मापाचा फायदा छोट्या गटातही दिसतो. ‘हवं ते करा’ म्हटलं की दुःखात असलेला माणूस गोठतो. ‘बारा इंच, उद्यापर्यंत एकच चौकोन’ म्हटलं की हात हलतात.

लिहिण्याच्या बैठकांतही हेच. ‘आईच्या आठवणी लिहा’ हा विषय दिला की कागद कोरा राहतो, नाहीतर त्यावर शोकसभेतलं भाषण उतरतं. ‘त्यांच्या हातांबद्दल पाच ओळी’ म्हटलं की नखं येतात, अंगठी येते, बोटाला चिकटलेलं पीठ येतं. बारा मिनिटं पुरतात. घड्याळ लावायचं आणि ते वाजण्याआधी एक मिनिट सांगायचं, कारण अर्ध्या वाक्यात घंटा वाजणं इथे फार लागतं. वाचून दाखवायची सक्ती नाही. वाचलं तर ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच झालं’ तर मुळीच नाही. आणि व्याकरण सुधारायचं नाही. ‘बाबा रोज सकाळी फिरायला जातात,’ असं कुणी लिहितं, वाचताना मध्येच अडखळतं, ‘जायचे’ म्हणतं, आणि पुढच्या ओळीत पुन्हा ‘जातात’वर येतं. आपल्या क्रियापदांना हा निर्णय टाळताच येत नाही, दर वाक्याच्या शेवटी जिवंत की गेलेला ते सांगावं लागतं. चार-पाच बैठकांत काहींचा काळ बदलतो, काहींचा नाही. दोन्ही वह्या सारख्याच नीट लिहिलेल्या असतात.

लिहिलं की मन मोकळं होतं, हे मात्र छातीठोकपणे सांगू नये. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस मनातलं लिहिणाऱ्यांची तब्येत सुधारल्याचं दिसलं आणि त्यावरून बरंच काही उभं राहिलं. पण 2002 मध्ये शोकाच्या अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी खास जोडीदार गमावलेल्यांवर हे तपासलं, तेव्हा नुसत्या लिहिण्यानं शोक लवकर निवळतो असं काही आढळलं नाही. त्याच स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेली गोष्ट कार्यशाळेत जास्त उपयोगी पडते. शोक करणारा माणूस दुःखाकडे जातो, तिथून उठून रोजच्या कामाकडे येतो, पुन्हा जातो, आणि ही ये-जा हीच चालती गोष्ट आहे. सुई ओवणं, बॉबिन भरणं, ‘अहो, तो निळा दोरा इकडे द्या’ हे सगळं त्या येण्यात मोडतं. म्हणून माणसांना खुर्च्यांच्या गोलात समोरासमोर बसवू नये, लांब टेबलाशी शेजारी-शेजारी बसवावं. हात गुंतलेले आणि नजर कापडावर असली की माणूस जे बोलतो, ते डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) घेऊन पाच आठवड्यांचे पाच विषय पाडणाऱ्या कार्यशाळा अजून निघतात. त्या पायऱ्या 1969 मध्ये मांडल्या गेल्या त्या मृत्यूच्या दारातल्या रुग्णांकडे पाहून. दुसऱ्या बुधवारी सगळ्यांनी मिळून रागवायचं, हे काही खरं नाही.

माती आणि कागदाकडे वळायचं तर थोडी सावधगिरी. हवेत सुकणाऱ्या मातीची वस्तू एक सेंटिमीटरपेक्षा जाड आणि कुठे जाड कुठे पातळ झाली की दोन-तीन दिवसांनी तडकते, म्हणजे कार्यशाळेत नाही, घरी, माणूस एकटा असताना. सैलसर प्लास्टिकखाली हळू सुकवायची, आणि तडा बुजवायला पातळ कालवलेली माती छोट्या डबीत सोबत द्यायची. फोटो कधीही मूळ वापरायचे नाहीत, प्रती काढायच्या. त्याही लेझर प्रिंटरच्या. साध्या इंकजेट प्रिंटवर पाण्याचा गोंद लागला की शाई पसरते आणि चेहरा डोळ्यांदेखत ओघळतो. हे ज्यानं एकदा पाहिलं तो पुन्हा विसरत नाही. आणि हल्ली जिकडेतिकडे दिसणारा तो प्रकार, वाडगा हातोड्यानं फोडायचा आणि सोनेरी रंगाच्या चिकट्यानं सांधायचा. मूळ जपानी पद्धतीत, किंत्सुगीत, वापरतात तो झाडाचा चीक पक्का व्हायला काही आठवडे लागतात आणि ओला असताना अंगावर पुरळ उठवतो, म्हणून इथे पाच मिनिटांत आवळणारं इपॉक्सी घेतात. फोटो सुरेख येतात. पण ज्याचं मूल गेलं आहे त्याच्या हातात हातोडा देऊन, नंतर तुटलेलं अधिक सुंदर दिसतं असं सुचवणं, हे मला फार उद्धट वाटत आलं आहे. ज्याला ते आवडतं त्यानं करावं. इतरांसाठी टेबलावर काही तरी साधं असावं.

कुणाला घ्यायचं, कधी घ्यायचं याचे नियम फार नाहीत. आठ-दहा माणसं, शिकवणारे दोन, एक हातांकडे बघणारा आणि एक चेहऱ्यांकडे. सुरू झाल्यावर नवा माणूस मध्येच घ्यायचा नाही. आधी प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचं. पहिल्या काही आठवड्यांतल्या माणसाला बहुधा कात्री नको असते, थांबायला सांगावं. आत्महत्येनं माणूस गमावलेल्यांना शक्यतो त्यांचाच वेगळा गट. वर्ष उलटून गेलं तरी रोजचं उठणं-बसणंही अडलेलं असेल तर तिथे गोधडी पुरणार नाही. लांबलेला शोक हा आता नोंदलेला विकार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकन मानसोपचाराच्या 2022 च्या यादीत मोठ्यांसाठी बारा महिन्यांनंतर, आणि त्याला उपचार आहेत. त्यासाठी कुणाकडे जायचं ते नाव-नंबर आधीच हाताशी हवं. शेवटची पंधरा मिनिटं आवराआवरीला ठेवायची. मशिनवर झाकण घालताना, टाचण्या मोजताना माणसं हळूहळू दाराबाहेरच्या जगात येतात. आज रात्री जड जाईल, हे तेव्हाच सांगून टाकायचं.

त्या बाईंनी त्या दिवशी अभ्रा शिवला नाही. शर्ट कापायचा नाही म्हणाल्या, आणि तेही ठीकच होतं. बराच वेळ त्या शर्टाची बाजूची शिवण बोटांनी चाचपत बसल्या. मग त्यांनी टाके तोडायची उसवणी मागितली. शर्टाची ती शिवण दुहेरी असते, कडा आत दुमडून वरून दोन रांगा टाकलेल्या. ती उसवायची म्हणजे एकेक टाका उचलून तोडावा लागतो, घाई केली की कापडच फाटतं. काखेपासून खालच्या दुमडीपर्यंत एक बाजू उसवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. शेजारच्या मुलानं आपला टी-शर्ट बाजूला ठेवून दिव्याची मान त्यांच्याकडे वळवून धरली होती. दुमडीच्या आतलं कापड उलगडलं तेव्हा ते गडद निळं निघालं. वरचा शर्ट उन्हानं, धुण्यानं आकाशी होऊन गेला होता. आत अर्ध्या इंचाची ती पट्टी शर्ट विकत आणला त्या दिवशीच्या रंगाची होती.

“हा खरा रंग,” त्या म्हणाल्या.

पट्टी फार अरुंद होती, कडेचे धागे सुटत होते, तिचं शिवून काही होण्यासारखं नव्हतं. मुलानं आपल्या अस्तराचा एक लांबट तुकडा कापून पुढे केला. खिडकीशी जाऊन त्यांनी इस्त्री टेकवली आणि दहापर्यंत मोजलं.